लोड द्या की ओ त्याला

[शटर वर जातं. निळसर धूर, मग इंजिनाचा एकसारखा आवाज.]

बेळगावला समुद्र नाही. तरी उद्यमबागेतल्या या शेडमध्ये आज पहिल्यांदा सुरू झालेलं हे मशीन मालवणच्या ट्रॉलरवर चढणार आहे. वीस केव्हीएचा कोरा मरीन जनरेटर. इंजिन बाहेरून आलं. अल्टरनेटरची, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाची, जोडणी, फ्रेम, पाइपिंग इथलं. किनाऱ्यावरची माणसं घाट चढून इथं का येतात, हे बेळगावकराला सांगावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली याच गावात सायकलचं दुकान टाकलं. 1910 च्या सुमारास ते कुंडलकडं गेले, पण लोखंडाला हात घालायची सवय गावात राहिली. ओतकाम, लेथ, बोरिंग, हैड्रॉलिक, सगळं हाकेच्या अंतरावर.

[जवळून: बाकावर उभा सुटा लायनर, आत बॅटरीचा झोत.]

मिस्त्री लायनरच्या, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, आत उजेड धरतात. नवा लायनर आरशासारखा गुळगुळीत असेल असं वाटतं ना? नीट बघा. तिरप्या रेघा आहेत, एकमेकींना छेदणाऱ्या. होनिंगच्या, म्हणजे लायनर आतून घासायच्या, दगडानं मुद्दाम पाडलेल्या. त्यांच्यात तेल थांबतं, आणि त्यांच्या बारीक कडांवर पिस्टनवरची नवी रिंग घासत घासत आपली जागा करते. यालाच रिंगा बसणं म्हणतात.

आता खरी गोष्ट इथं आहे. रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. खरा जोर जळत्या डिझेलच्या वायूचा. तो रिंगेच्या मागं शिरतो आणि तिला लायनरवर दाबून धरतो. लोड, म्हणजे जनरेटरवर लावलेलं विजेचं ओझं, कमी असेल तर डिझेल कमी जळतं, दाबही कमी पडतो. मग तेल वर चढतं, अर्धवट जळतं आणि त्या रेघा वार्निश फिरवल्यासारख्या बुजून जातात. ग्लेझिंग म्हणतात त्याला. ते एकदा धरलं की नंतर लोड देऊन बहुतेक वेळा काही होत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या भावकीच्या मंगल कार्यालयात नवा जनरेटर आणला होता. नवीन आहे, सांभाळून वापरू, म्हणून पहिले दोन महिने त्याच्यावर नुसते ट्यूब आणि चार पंखे. माया केली आम्ही त्याच्यावर. दिवाळीपर्यंत सायलेन्सरच्या तोंडातून काळं चिकट तेल ठिबकायला लागलं. शेवटी हेड उतरवून पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा. त्या दिवशी उघड्या लायनरवरून मी बोट फिरवलं, काचेसारखं सरकलं.

[जनरेटर. मीटरचे काटे.]

ट्रॅक्टरच्या नव्या इंजिनाच्या रिंगा बसवताना वेग खालीवर करता येतो. इथं ती सोय नाही. चार पोलच्या अल्टरनेटरला 50 हर्ट्झ हवेत, म्हणजे 1500 आरपीएम, सतत. हातात उरतो फक्त लोड. म्हणून भिंतीजवळ हा हीटरचा खोका: दोन-दोन किलोवॅटचे सहा हीटर, प्रत्येक फेजवर दोन. वीस केव्हीएचं हे मशीन म्हणजे सोळा किलोवॅटचं, सगळे लावले की बारा. पाऊण लोड.

आधी थोडा वेळ रिकामं चालवून तेलाचा दाब आणि गळती बघितली. पाणी तापलं तसा पहिला टप्पा, दोन तासांनी दुसरा, मग सगळे. दर फेजवर सोळा-सतरा अँपिअर. आवाज भरदार झाला, धूर हळूहळू विरळ.

समुद्राचं पाणी इथं नाही, म्हणून बोअरच्या पाण्याची टाकी. बोटीवर हीट एक्स्चेंजरमधून खारं पाणी फिरतं, इंजिनाचं गोडं पाणी थंड करतं आणि पुढं एक्झॉस्टमध्ये सोडलं जातं. ते ओढणाऱ्या पंपात रबराचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, असतो. टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला विसरलं तर तो थोड्याच वेळात कोरडा चालून फाटतो. स्टार्टरला हात लावण्याआधी मिस्त्रींनी तो व्हॉल्व्ह दोनदा बघितला.

तांडेल बाजूला उभा होता. म्हणाला, "मेस्त्रीनू, रातीक आमका चार दिवेच लागतत, मगे?"

"मग दिव्यांवर ठेवायचं नाही, दादा. खोका देतो सोबत, तो लावा. लोड द्या की ओ त्याला. खरं पुऱ्या लोडाच्या वर न्यायचं नाही."

पुढचं सगळं वहीत लिहून दिलं: तेलाची काडी रोज बघायची, किती तेल घातलं ते तारखेसह लिहायचं. आधी तेल थोडं खाणारच. ते कमी होत गेलं की रिंगा बसल्या. साधं मिनरल तेलच घालायचं. 50 तास झाले की तेल आणि फिल्टर बदलायचा. कंपनीच्या पुस्तकात आकडा वेगळा असेल तर तो धरायचा. बोटीच्या मागं पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर फोन करायचा, वाट बघायची नाही.

[संध्याकाळ. टेम्पो.]

जनरेटर दोरखंडानं आवळला. हीटरचा खोका गोणपाटात गुंडाळून शेजारी. आता शिनोळीला हद्द ओलांडून आंबोली घाटानं खाली. मिस्त्री बॅटरी घेऊन मागं चढले आणि तासांच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवला. 9. उरलेले 41 तास बोटीवर.