मलम लावलं की केंद्रकात काय पोचतं?

मंडळी, मे महिन्यात सोलापुरात संध्याकाळी सातलाही खुर्ची गरम लागते, तरी सभागृह भरलंय. तेव्हा उन्हापासूनच सुरुवात करू.

भर दुपारी दुचाकीवरून अक्कलकोट रोडला जाऊन आलात, तर कातडी त्याच दिवशी चुरचुरते. पण हात नीट काळवंडायला दोन-तीन दिवस लागतात. हा वेळ कुठे जातो? निरोप पोचवण्यात आणि त्यावर काम होण्यात. अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या पेशीच्या डीएनएला इजा होते. मग तिच्या केंद्रकात, म्हणजे जनुकं सांभाळणाऱ्या गाभ्यात, पी-५३ नावाचं प्रथिन वाढतं आणि एक जनुक चालू करतं. त्यातून तयार झालेलं संप्रेरक पेशीबाहेर पडून शेजारच्या रंगपेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. त्या पेशीत एकाने दुसऱ्याला जागं करायची साखळी सुरू होते, ती थेट तिच्या केंद्रकापर्यंत. तिथे रंग तयार करणारी जनुकं कामाला लागतात. पी-५३चा हा दुवा 2007 मध्ये उलगडला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते शेवटचं पाऊल: तयार झालेले मेलॅनिनचे कण पुन्हा वरच्या पेशींकडे सोपवले जातात आणि तिथे केंद्रकाच्या बरोबर वर, उन्हाच्या बाजूला जाऊन जमतात. ज्याने तक्रार केली त्यालाच सावली मिळते. आणि आपण तीच सावली घालवायला क्रीम शोधत मेडिकलमध्ये जातो! त्या क्रीमकडे येतोच.

केंद्रकाला दुहेरी आवरण असतं आणि त्यात छिद्रं असतात. माणसाच्या एका पेशीत ती साधारण दोन-तीन हजार भरतात. लहान रेणू त्यातून आपले आपण ये-जा करतात. साधारण 40 किलोडाल्टनपेक्षा (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठ्या प्रथिनाला मात्र परवाना लागतो. चादरींचा गठ्ठा ट्रान्सपोर्टला टाकताना त्यावर पत्ता नसला तर तो गोदामात पडून राहतो, तसंच हे. प्रथिनाच्या साखळीतच काही अमिनो आम्लांचा तुकडा पत्त्याचं काम करतो. इम्पोर्टिन नावाचे वाहक तो ओळखतात, माल छिद्रातून आत नेतात आणि आत रॅन नावाचं प्रथिन भेटलं की उतरवून ठेवतात. प्रथिनाला कुठे जायचं हे त्याच्या अंगातच लिहिलेलं असतं, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

बाहेरचे बहुतेक निरोपे पेशीच्या दारातच थांबतात आणि आतली माणसं निरोप पुढे नेतात. जखम भरताना वाढ घडवणारे घटक असंच करतात. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात, म्हणजे दाब आणि घर्षण हेही कातडीला कळतं. पेशी ताणली, पसरली की याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं चालू करतं, हे 2011 मध्ये दिसलं.

पण एक जात अशी आहे जी दारात थांबतच नाही: खाज-सुजेच्या मलमांतलं स्टिरॉइड. हा रेणू लहान आणि तेलात विरघळणारा, त्यामुळे पेशीचं आवरण तो सरळ ओलांडतो. आत त्याचा रिसेप्टर इतर प्रथिनांच्या पहाऱ्यात बसलेला असतो. त्याच्याकडे केंद्रकाचा पत्ता असतो, पण झाकलेला. स्टिरॉइड बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, पत्ता उघडा पडतो आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतेक रिसेप्टर केंद्रकात पोचलेले असतात. तिथे ते सूज आणि खाज वाढवणाऱ्या जनुकांचा आवाज दाबतात. म्हणून तर आराम इतका झटपट पडतो.

आता अडचण बघा. तेच रिसेप्टर खालच्या थरातल्या पेशींत कोलॅजनची जनुकंही मंद करतात. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, चट्टे उठतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. आणि नायट्यावर लावलं तर? घाम, घट्ट कपडे, आपला उन्हाळा; नायटा इथे घरोघरी. स्टिरॉइड प्रतिकारशक्तीलाच गप्प करतं, त्यामुळे खाज थांबते, लाली जाते, बुरशी मात्र निवांत पसरते. कडा पुसट झाल्यामुळे डॉक्टरलाही तो ओळखायला अवघड जातो. दुकानातून ‘तीन औषधं एकात’ असलेली, त्यातलं एक स्टिरॉइड, अशी ट्यूब मागून घेणारे आणि गोरं व्हायला तीच चेहऱ्याला फासणारे, दोघेही आपल्या केंद्रकात काय पाठवतोय हे न विचारता पाठवत असतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे, ट्यूब अजून काउंटरवर मिळते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, “मग हे औषध लावायचंच नाही का?” असं मुळीच नाही, ताई. 1952 मध्ये हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा कातडीवर यशस्वीपणे वापरलं गेलं, तेव्हापासून इसबाच्या कितीतरी रुग्णांना त्याने झोप दिली. प्रश्न आहे तो किती, कुठे आणि किती दिवस याचा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम, साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या भागाला बोटांसकट पुरतं. चेहऱ्याची, पापण्यांची आणि जांघेतली कातडी पातळ, तिथून औषध फार मुरतं. त्यामुळे पायाच्या तळव्याला दिलेली ट्यूब तिथे लावायची नाही. आणि बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंदही करायची नाही. ती कशी कमी करायची हे डॉक्टरकडून लिहून घ्यायचं.