पेपरात नुसतं ‘आरबी’

(पडदा काळा. आधी नालांचा आवाज, मग कुठंतरी एक घोडा फुरफुरतो.)

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. पुण्याचं रेसकोर्स, एम्प्रेस गार्डनच्या बाजूचं. रात्री पाऊस पडून गेलाय आणि तबेल्यात ओला भुस्सा, लीद आणि लसूणघास असा सगळा मिळून जो वास येतो तो कॅमेऱ्यात येत नाही, तेवढा तुम्ही मनानेच घ्या.

पावसाळा म्हणून घोडे इथे आहेत. साधारण जुलै ते ऑक्टोबर पुणे, आणि नोव्हेंबर लागला की सगळा कबिला गाड्यांत भरून घाट उतरून मुंबईला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, मग एप्रिलपर्यंत तिकडे.

रेस म्हणलं की लोकांना सुट्टीची दुपार दिसते, हातात रेसचं पुस्तक, आरडाओरडा, फाडलेली तिकिटं. ती रेस असते किती वेळाची? डर्बीसुद्धा २,४०० मीटरची, अडीच मिनिटांत खेळ खल्लास. मग बाकीचे सगळे दिवस सकाळी त्या घोड्याला पळवतं कोण? जॉकी येतात, पण रोज नाही आणि प्रत्येक घोड्यावर तर नाहीच. रायडिंग बॉय असतो. मी पण होतो, दोन सीझन. आज कॅमेरा घेऊन आलोय आणि आत शिरल्या शिरल्या हात आपोआप खिशात गाजर शोधतोय.

(तबेल्यातली बोळ. एक मुलगा वाकून घोड्याचा पाय धुतोय.)

हा पोरगा १९ वर्षांचा. नाव नको म्हणाला, घरी अजून सांगितलेलं नाही. महिना झालाय त्याला येऊन आणि घोड्यावर बसला किती वेळा, तर चार.

माझंही तसंच झालं होतं. घोडामैदान जवळच आहे म्हणतात ना, माझं घर खरंच घोडामैदानाच्या जवळ होतं, वानवडीला. वजन ५२ किलो, माथेरानला घोड्यावर बसलेलो, मला वाटलं अजून काय पाहिजे. ओळखीने एका ट्रेनरकडे गेलो, त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हातात खरारा दिला, घोड्याचं अंग घासायचा ब्रश. झालं, इंटरव्ह्यू संपला.

पहिला महिना सगळा जमिनीवर. लीद उचला, खरारा करा, काम करून आलेला घोडा गार होईपर्यंत गोल गोल फिरवा. आमच्याकडचे सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारे, राजस्थानचे, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी नवा नवा घोड्याच्या तोंडाशी लाडीगोडी करत उभा असायचो तर ते ओरडायचे, तोंड बाद में, पैर पहले. मग माझा हात धरून घोड्याच्या पुढच्या पायाच्या मागून, गुडघ्याच्या खाली, ती जाड शीर असते तिच्यावरून सावकाश खाली न्यायचे. एक पाय, मग दुसरा. दोन्ही सारखेच गार लागले पाहिजेत. एखाद्या ठिकाणी तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी असते ना तेवढं जरी ऊन लागलं तरी आज तो घोडा बाहेर जाणार नाही, ट्रेनरला सांगायचं. मला हे कळायला तीन आठवडे लागले आणि आजही मी बोलता बोलता कुठलाही घोडा दिसला की आधी पायाकडे बघतो, लग्नातली घोडी असली तरी.

(बाहेर अंगण. हेल्मेट, जाकीट. एक जण मुलाची नडगी धरून त्याला वर उचलतो.)

याला लेग-अप म्हणतात. डावा पाय मागे वाकवायचा, खालचा माणूस नडगी धरतो आणि एक-दोन-तीनला उडवतो. जास्त उडवलं तर पलीकडे पडायचं, मी पडलोय, सगळ्यांसमोर. घोडा खांद्याशी पाच फूट चार इंच, वजन साडेचारशे किलोच्या पुढे, आणि वरती बसायला जे खोगीर असतं ते हातात घेतलंत तर म्हणाल एवढंसंच? आणि चार पावलं चालवून तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, परत आवळायचा, कारण कसताना घोडा पोट फुगवून ठेवतो. हुशार असतात.

आता यात एक गंमत आहे. आपल्याकडे म्हणतात मांड पक्की पाहिजे. मांड म्हणजे मांड्या आवळून, खोगिरात रुतून बसणं, असं लहानपणापासून ऐकलेलं. इथे बूड खोगिराला लागायलाच नको. रिकिबी आखूड, गुडघे वर, अंग पुढे वाकलेलं, म्हणजे तुमचं वजन घोड्याच्या खांद्यावर येतं आणि त्याची पाठ मोकळी राहते. मांड आहे, पण ती पोटऱ्यांत आणि घोट्यांत. पहिल्या दिवशी तबेल्यात परत आल्यावर मी जिना चढलो तो चक्क बसून, उलटा.

(जवळून: दोन हात, लगाम.)

हे हात नीट बघा. लगामाचे दोन्ही पट्टे एकमेकांवरून घेऊन दोन मुठींमध्ये आडवे धरलेत, याला ब्रिज म्हणतात. तो पूल घोड्याच्या मानेवर, आयाळीवर टेकवायचा. का? कारण रेसचा घोडा ओढतो, आणि तुम्ही जेवढं मागे खेचाल तेवढा तो लगामावर रेलून अजून जोरात जातो. माणूस ५२ किलोचा, खेचाखेचीत कोण जिंकणार सांगायला नको. पूल मानेवर टेकला की तो स्वतःच्याच मानेशी ओढाओढी करत बसतो, तुम्ही आपले शांत.

(ट्रॅक. धुकं. दोन घोडे लांबून येताना.)

आधी चाल, मग दुडकी, मग कँटर, म्हणजे संथ दौड. ट्रेनर सांगणार, आज पंधरा-पंधराने ये. म्हणजे दर २०० मीटरला १५ सेकंद, ताशी ४८ किलोमीटर. घड्याळ बघायला हात मोकळा नाही. मी मनात एक आरती म्हणायचो, तिच्या एका ओळीला किती वेळ लागतो ते पाठ होतं.

आवाज ऐका. हुं, हुं, हुं. भरधाव घोड्याचा श्वास त्याच्या उडीला बांधलेला असतो, एक उडी एक श्वास, आणि तोही फक्त नाकाने, तोंडाने त्याला श्वास घेताच येत नाही. पाठीवर असलं की त्या आवाजावरून कळतं घोडा दमला का नुसतंच नाटक करतोय.

ट्रॅकच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन माणसं उभी असतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, अमुक घोडा, ६००/४०, मोकळा धावला. म्हणजे ६०० मीटर ४० सेकंदांत. कंसात वर कोण होतं ते. जॉकी असेल तर त्याचं नाव. आमच्यासारखा असेल तर नुसतं ‘आरबी’. रायडिंग बॉय. दोन सीझनमध्ये माझं नाव काही कधी छापून आलं नाही, आरबी मात्र पोत्याने आलं.

एक सांगतो. ऑगस्टमधली सकाळ, मला सांगितलं होतं हाफ-स्पीड, त्याच्यावर जायचं नाही. कठड्याजवळ एक प्लॅस्टिकची पिशवी उडाली, घोडा बुजला आणि जो उधळला, मी पूल-बिल सगळं विसरलो आणि दोन्ही हातांनी मागे लटकलो. मागून एक जुना रायडिंग बॉय बोंबलतोय, हात छोड, हात छोड! उधळलेल्या घोड्यावर हात सोडायचे? कुणाची हिंमत आहे. पण तेच बरोबर असतं, ढील दिली की त्याला रेलायला काही उरत नाही, मग थोडं घ्यायचं, परत सोडायचं. मी ते केलं नाही. त्याला दम लागला तेव्हा तो आपण होऊन थांबला. ट्रेनर धावत आले, घोड्याचे चारही पाय बघितले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, उतर. त्या रात्री मला भाकरी मोडता येईना, तळहाताची सालटी गेलेली, आईने कुस्करून दिली.

आणि पेपरात काय आलं? घोड्याचं नाव, कंसात आरबी, जबरदस्त टाइम, ‘छान फॉर्मात’. त्या आठवड्यात लोकांनी त्याच्यावर पैसे लावले, घोडा फेव्हरिट. सातवा आला.

जॉकी होण्याचं स्वप्न सगळ्यांचंच असतं. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे, मराठी नावं या खेळात पूर्वीपासून आहेत. पण तबेल्यातल्या दहा पोरांमधला एखादा अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी, होतो, बाकीचे सकाळचेच राहतात. माझा खांदा निखळला आणि घरी बसलो तेवढ्या दिवसांचे पैसे कापले गेले, तेव्हा मी हिशोब केला आणि सोडलं. राग घोड्यांवर कधीच नव्हता.

(सात वाजलेत. मुलगा परत येतोय, चिखलाने माखलेला. खाली उतरतो.)

पाचवी वेळ त्याची. वळणावर घोड्याने पाय बदलला, आतला पाय पुढे घेतला, ते त्याला कळलं म्हणाला, पाठीखाली काहीतरी सरकल्यासारखं. महिन्यात हे कळणं म्हणजे बरंच आहे, मी त्याला तसं सांगितलं नाही.

त्याने विचारलं, दादा, उद्याच्या पेपरात येईल का?

येईल ना, म्हणलं. कंसात बघ.

तोपर्यंत चाचांच्या वयाच्या एका सईसने पुढचा घोडा बाहेर काढला होता. पोरगा खाली वाकला आणि त्याच्या पायावरून हात फिरवायला लागला.