एका चौकोनात दोन पाऊस

(दृश्य: महाबळेश्वर, धुकं, कोसळता पाऊस)

हे महाबळेश्वर. वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस.

(दृश्य: माणदेशातली उघडी माळरानं)

आणि हा दहिवडीचा माळ. जिल्हा तोच, सातारा. सरळ रेषेत अंतर 100 किलोमीटरही नाही. पाऊस मात्र 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा.

(दृश्य: पडद्यावर चौकोनांचा नकाशा)

जगाचं हवामान मांडणारी मॉडेलं पृथ्वीची अशी चौकोनांत वाटणी करतात. कितीतरी मॉडेलांत चौकोनाची बाजू 100 किलोमीटर किंवा त्याहून मोठी. त्यात सह्याद्रीचा कडाच बुजून जातो. घाटमाथ्याला आणि माणदेशाला एकच सरासरी पाऊस!

(दृश्य: पुण्यातला प्रशिक्षणवर्ग)

या वर्गात ती सरासरी फोडायला शिकवतात. याला म्हणतात सांख्यिकीय डाउनस्केलिंग.

गावचा पाऊस वरच्या हवेशी बांधलेला असतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे, दीड किलोमीटर उंचीवरचा दमटपणा, हवेचा दाब. हे मॉडेलला त्यातल्या त्यात चांगलं जमतं. म्हणून जुन्या नोंदींवरून आधी या घटकांचं आणि गावच्या पावसाचं नातं शोधायचं. काही वर्षं नातं बसवायला घ्यायची, बाकीची झाकून ठेवायची. मग झाकलेल्या वर्षांचा पाऊस ओळखता येतो का, ते पाहायचं. पडद्यावरच्या या दोन रेषा, एक ओळखलेल्या पावसाची आणि एक खऱ्या पावसाची, जुळल्या नाहीत, तर सगळं पहिल्यापासून.

मॉडेलची एक खोडही असते: पाऊस नसलेल्या दिवशीही ते थोडं थोडं भुरभुरतं. आपल्याकडे निदान 2.5 मिलिमीटर पडला तरच पावसाचा दिवस धरतात. म्हणून मॉडेलचे आणि पर्जन्यमापकाचे आकडे चढत्या क्रमानं लावायचे, क्रमाला क्रम जुळवायचा. भुरभुर गळते, मुसळधार आपल्या मापाला येते.

(दृश्य: पर्जन्यमापक, मोजपात्र, नोंदवही)

पण जुळवायचं कशाशी? याच्याशी. सकाळी 8:30. मोजपात्रात ओतलेलं पाणी आणि वहीत एक आकडा. असे आकडे 30 वर्षांचे तरी हवेत. भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे 1901 पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या, म्हणजे साधारण 25 किलोमीटर बाजूच्या चौकोनांत मांडलेला आहे, तोही हजारो पर्जन्यमापकांच्या अशाच नोंदींतून. वहीतले पावसाळे कोरे राहिले, की त्या गावापुरतं नातं लंगडं. कितीही मोठा संगणक आणा, ती पानं भरत नाहीत.

उद्याच्या तापलेल्या हवेत हेच नातं टिकेल, असं धरूनच पुढचं गणित होतं: पाझर तलाव, मोऱ्या, पीक विमा.

(दृश्य: दहिवडीचा माळ, कोरडं मोजपात्र)

आज पाऊस नाही. वहीत 0.0 लिहिलं जातं.