युद्धाचं हवामान

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘अभ्यासक’ असं छापलंय, ते कृपया ‘हौशी’ असं वाचा. नोकरी सगळी हिशेबतपासणीत गेली. आकडे गोड दिसले की संशय घ्यायचा, एवढीच विद्या माझ्याजवळ आहे. आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय तोही युद्धाच्या बाबतीत हौशीच होता. पेशाने हवामानशास्त्रज्ञ. त्याचं नाव लुईस फ्राय रिचर्डसन.

जन्म १८८१ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. घराणं क्वेकर. हा ख्रिस्ती धर्मातला छोटा पंथ, शस्त्र हातात न धरणारा. गडी भलताच उद्योगी. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा हा आइल ऑफ वाइटच्या किनाऱ्याजवळ बायकोला होडी वल्हवायला बसवून स्वतः शिट्टी वाजवत होता आणि उघडी छत्री कानामागे धरून धक्क्यावरून येणारा प्रतिध्वनी टिपत होता. अंधारात हिमनग आवाजाने ओळखता येईल का, हा प्रश्न. पेटंटचा अर्जही त्याने करून टाकला.

१९१३ मध्ये तो ब्रिटिश हवामान खात्यात लागला, स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरच्या वेधशाळेत. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं. बंदूक धरायची नव्हती, पण घरात बसणंही पटेना. १९१६ मध्ये नोकरी सोडून तो फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवायला गेला. आणि तिथे फावल्या वेळात, थंडगार मुक्कामात गवताच्या ढिगावर बसून, तो युरोपच्या हवेचं गणित करत होता.

कल्पना अशी. हवा ही वायूच आहे. दाब, तापमान, वारा, आर्द्रता यांची समीकरणं माहीत आहेत. मग नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत आत्ताचे आकडे भरायचे आणि समीकरणांनी पुढच्या काही तासांचे आकडे काढायचे. अंदाज बांधण्यासाठी त्याने दिवस निवडला २० मे १९१०. म्हणजे आधीच उलटून गेलेला! कारण त्या दिवशीच्या वरच्या हवेच्या नोंदी युरोपभरातून चांगल्या मिळाल्या होत्या. सहा तासांचं भाकीत काढायचं होतं. १९१७ च्या शँपेनच्या लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित मागे पाठवलं गेलं आणि हरवलं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं.

उत्तर काय आलं? सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढणार. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात केंद्राचा दाब भोवतालपेक्षा शंभरेक मिलिबारने कमी होता, यावरून हा आकडा किती अशक्य आहे ते बघा. प्रत्यक्षात त्या सकाळी दाब जवळजवळ स्थिर होता. आणि हे सपशेल चुकलेलं उत्तर त्याने १९२२ च्या आपल्या पुस्तकात जसंच्या तसं छापलं. हिशेबतपासनीस म्हणून मी इथे उभा राहून टोपी काढतो. चुकीचा ताळेबंद आपण होऊन छापणारा माणूस नोकरीत मला क्वचितच भेटला. पुढे पीटर लिंच या आयरिश हवामानशास्त्रज्ञाने तेच गणित पुन्हा केलं. रिचर्डसनची रीत बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदींमधला गोंगाट, म्हणजे आकड्यांमधले खोटे चढउतार, काढून टाकला नव्हता, एवढंच.

त्याच पुस्तकात एक स्वप्न आहे. प्रचंड गोल नाट्यगृह, भिंतींवर जगाचा नकाशा, आणि ६४,००० माणसं आपापल्या प्रदेशाचं गणित करत बसलेली. मध्ये उंच मंचावर एक प्रमुख. जे पुढे धावतील त्यांच्यावर गुलाबी प्रकाश, जे रेंगाळतील त्यांच्यावर निळा. १९५० मध्ये अमेरिकेत ‘एनिअ‍ॅक’ या संगणकावर पहिलं जमलेलं भाकीत निघालं, चोवीस तासांचं भाकीत करायला सुमारे चोवीसच तास लागले. रिचर्डसनच्या हयातीतच हे घडलं. आपल्या पुण्यात, पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ हा महासंगणक २०१८ मध्ये ज्या कामाला लागला, त्याचा मूळ आराखडा त्या गवताच्या ढिगावरचा.

आता आजचा खरा विषय. युद्धानंतर तो खात्यात परतला होता. १९२० मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाखाली गेलं, म्हणजे लष्कराच्या पंखाखाली. त्याने राजीनामा दिला. वरच्या हवेवरच्या त्याच्या संशोधनात सगळ्यात जास्त रस विषारी वायूवाल्यांना आहे, हे पुढे लक्षात आलं. वारा कसा पसरतो हे कळलं की वायू कसा पसरेल तेही कळतं. त्याच्या पत्नीने नंतर लिहून ठेवलंय की त्याने ते काम थांबवलं आणि अप्रकाशित होतं ते नष्ट केलं.

म्हणजे हवेचं शास्त्र युद्धाच्या कामी येत होतं. या पठ्ठ्याने दिशाच उलटी केली आणि युद्धाकडे हवेसारखं बघायला सुरुवात केली.

यात त्याचं निसर्गाबद्दलचं तत्त्वज्ञान आहे, आणि ते मला मोलाचं वाटतं. १९२६ च्या एका निबंधात त्याने विचारलं, वाऱ्याला वेग असतो का? प्रश्न वेडगळ वाटतो. पण वारा म्हणजे मोठ्या भोवऱ्यांच्या पोटात लहान भोवरे, त्यांच्या पोटात आणखी लहान. कोणत्या मापाने मोजता यावर उत्तर बदलतं. १९४८ मध्ये, वयाच्या सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, त्याने आणि हेन्री स्टॉमेल या समुद्रशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या खाडीत पार्सनिपचे तुकडे टाकून ते एकमेकांपासून कसे दूर जातात ते मोजलं. पार्सनिप म्हणजे गाजराचा पांढरा भाऊ. तो जवळजवळ बुडून तरंगतो, म्हणून वारा त्याला ढकलत नाही, आणि पांढरा असल्याने दिसतो. खर्च शून्य! त्या तुकड्यांच्या मनात काय आहे, दोष पहिल्याचा की दुसऱ्याचा, हे तो विचारत नाही. आणि नेमकं हेच त्याने राष्ट्रांच्या बाबतीतही विचारलं नाही.

युद्धाचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण कुठल्या तरी देशाचा असतो. हल्ला की बचाव, बंड की स्वातंत्र्ययुद्ध, यावर एकमत होत नाही. रिचर्डसन म्हणाला, नावं बाजूला ठेवा, मेलेली माणसं मोजा. १८२० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचे सगळे ‘प्राणघातक तंटे’ त्याने एका यादीत लावले, आणि त्या यादीत खूनही घेतले. भूकंपाला असते तशी मोजपट्टी, मृतांच्या संख्येत किती वेळा दहाने गुणलंय यावर. एक माणूस मेला तर शून्य, हजार मेले तर तीन, महायुद्ध म्हणजे सात. खून आणि महायुद्ध एकाच पट्टीवर! सरकारं हे मान्य करणार नाहीत. एकाला फाशी आणि दुसऱ्याला पदक, हा भेद त्या पट्टीवर पुसला जातो. मृतांच्या बेरजेत दोन महायुद्धांचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास निघाला. आणि दुसरा क्रमांक मधल्या युद्धांचा नव्हता, पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या खुनांचा होता.

मग त्याने विचारलं, युद्धं सुरू केव्हा होतात? १८२० ते १९२९ ही ११० वर्षं. साधारण दहा हजारांच्या आसपास बळी घेणारी युद्धं घेतली. ६५ वर्षांत एकही सुरू झालं नाही, ३५ वर्षांत एक, ६ वर्षांत दोन आणि ४ वर्षांत तीन. आता १८९८ मध्ये बोर्टकिविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, याचं कोष्टक तपासलं होतं. ते बसलं निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या, विरळ घटनांच्या सूत्रात. तेच सूत्र लावलं तर ११० वर्षांची वाटणी कशी यायला हवी? सुमारे ६४, ३५, ९, २. म्हणजे युद्धांची सुरुवात आणि घोड्याची लाथ एकाच सूत्रात बसतात. पाळी नाही, चक्र नाही. ‘दर पंचवीस वर्षांनी युद्ध होतंच’ असं चहाच्या टपरीवर ठणकावून सांगणाऱ्यांनी हे कोष्टक बघावं.

मात्र त्याच्या दुसऱ्या गणितावर माझा आक्षेप आहे. शस्त्रस्पर्धेची त्याची समीकरणं प्रसिद्ध आहेत. एका देशाचा शस्त्रखर्च समोरच्याच्या शस्त्रांच्या भीतीने वाढतो, स्वतःच्या खिशावरच्या ताणाने आखडतो आणि जुन्या रागाची त्यात कायमची भर असते. दोघांच्या भीतीचा गुणाकार दोघांच्या ताणाच्या गुणाकारापेक्षा मोठा झाला की खर्च हाताबाहेर जातो. १९०९ ते १९१३ या काळात फ्रान्स-रशिया एका बाजूला, जर्मनी-ऑस्ट्रिया दुसऱ्या बाजूला. आकडे मांडले तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत. पण बिंदू किती? चार. चार बिंदूंची सरळ रेष मला कुणी दाखवली असती, तर मी पावत्या मागितल्या असत्या. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर सतराव्या दिवशी पाकिस्तानचे चगाईचे स्फोट झाले, तेव्हा भीतीचं ते पद किती जिवंत आहे हे आपण पाहिलं. पण पाहिलं म्हणजे मोजलं असं होत नाही.

मूळ अडचण याहून खोल आहे. हवा भाकीत वाचत नाही. उद्या पाऊस आहे असं छापलं म्हणून ढग निर्णय बदलत नाही, माणूस बदलतो. रिचर्डसनला हे कळत होतं. माणसं थांबून विचार करणार नसतील तर काय करतील, एवढंच माझी समीकरणं सांगतात, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहिलंय. या एका अटीमुळे मी त्याला माफ करतो.

सीमांचं थोडक्यात सांगतो. जास्त शेजारी असणारे देश जास्त लढतात का, हे तपासायला त्याला सीमांची लांबी हवी होती. पुस्तकं उघडली, तर स्पेन-पोर्तुगाल सीमा एके ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसरीकडे १,२१४! कुणीच खोटं बोलत नव्हतं. मोजायची पट्टी जितकी लहान तितके वळसे जास्त सापडतात. हे टिपण त्याच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापलं गेलं, ते मँडेलब्रॉ या गणितज्ञाच्या हाती लागलं आणि १९६७ च्या त्याच्या लेखातून पुढे फ्रॅक्टलचं, म्हणजे जितकं जवळून बघावं तितके नवे वळसे दाखवणाऱ्या आकारांचं, शास्त्र उभं राहिलं. अलीकडे भारताचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटर झाला तेव्हा जमीन कुणी आणली नव्हती, नकाशा बारकाईचा झाला होता.

रिचर्डसन १९५३ मध्ये गेला. युद्धावरची त्याची दोन्ही मोठी पुस्तकं छापील रूपात १९६० साली आली. १९४५ नंतर मोठ्या सत्तांमध्ये थेट महायुद्ध झालेलं नाही, म्हणून माणूस शहाणा झाला असं बरेच जण म्हणतात. २०१८ मध्ये एरन क्लॉसेट या अमेरिकन संशोधकाने रिचर्डसनच्याच वाटेने हिशेब मांडला. त्याचं उत्तर असं, की एवढी शांतता निव्वळ योगायोगानेही पडू शकते. ती योगायोग नाही असं आकडेशास्त्राच्या बळावर म्हणायला ती अजून १०० ते १४० वर्षं टिकायला हवी.

प्रश्न असतील तर घेऊ.