ट्रॅक्टरमागचा घरगुती ग्रेडर

नमस्कार श्रोतेहो.

काटोल असो, कळमेश्वर असो की उमरेड, नागपूर जिल्ह्यात काळ्या मातीच्या पांदणीचं दुखणं सगळीकडे एकच. पावसात माती फुगते, ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या वाळून कडक होतात. मग संत्र्याचे क्रेट भरलेली गाडी धुऱ्यापर्यंत पोचत नाही. मोठा ग्रेडर, म्हणजे लांब पात्यानं माती खरवडून रस्ता सपाट करणारं यंत्र, भाड्यानं आणणं एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून ट्रॅक्टरमागं ओढायचा ग्रेडर आपल्याच गावच्या वेल्डिंगच्या दुकानात कसा उभा करायचा, त्यावर आज बोलतो.

दुकानात येणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, "भाऊ, पातं हलवायला जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाचा सिलिंडर, किती टनाचा टाकू?" ताकदीची चिंता सोडा. ५० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतून तेवढ्या व्यासाचा सिलिंडर १५० बार दाबाला जवळपास ३ टन जोर देतो. पात्याला तेवढा पुष्कळ झाला. कस लागतो तो पातं हळू हलवण्यात, आणि थांबवलं तिथंच ते टिकवण्यात.

आधी सांगाडा. पातं थेट ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला लावलं, की ट्रॅक्टरचं तोंड वर गेलं रे गेलं, मागं पातं जमिनीत घुसतं. म्हणून सांगाडा लांब ठेवा, पुढचं टोक ट्रॅक्टरच्या हुकाला, मागं दोन चाकं आणि पातं बरोबर मध्यावर. पुढचं टोक १० सेंटिमीटर उचललं, तर मधलं पातं ५ सेंटिमीटरच उचलतं. दुसऱ्या फेरीत उंचवटा आणखी निम्मा होतो. पात्याच्या धारेला गाडीच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा चालतो, पण तो वेल्ड करू नका, तडकतो. बोल्टनं बसवा, झिजला की बदला.

आता हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा भाग. ट्रॉलीचा जॅक फक्त उचलतो, खाली येते ती वजनानं. इथं पातं दाबूनही धरायचं असतं, म्हणून दोन्ही बाजूंना जोर देणारा डबल ॲक्टिंग सिलिंडर घ्या. पात्याच्या दोन्ही टोकांना एकेक, आणि तिरकं फिरवायला तिसरा. पंपानं मिनिटाला २० लिटर तेल दिलं, तर ५० मिलिमीटरचा सिलिंडर सेकंदाला १७ सेंटिमीटर धावतो. एवढ्या वेगात कुणाचाही हात नेमका राहणार नाही. हाच वेग ३-४ सेंटिमीटरवर आणा. त्यासाठी जादा तेल टाकीत परत सोडणारा, तीन तोंडांचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह लावा. नुसती वाट आवळली, तर जादा तेल दाब वाढला की उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून जातं आणि तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात तापून पातळ झालेलं तेल पंपाचं आयुष्य खातं. तेल ६८ ग्रेडचं, म्हणजे जरा घट्ट भरा, टाकी मोठी ठेवा. लिव्हरच्या व्हॉल्व्हमधून थोडं तेल झिरपतंच, त्यामुळे पातं हळूहळू सरकतं. सिलिंडरवर तेल आतच अडवणारा लॉक व्हॉल्व्ह बसवला की ते जागचं हलत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. होजमधून, म्हणजे तेलाच्या रबरी नळीतून तेल गळतंय असं वाटलं, तर हात फिरवून शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली धार कातडीत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आत तेल पसरतं, बोट कापायची पाळी येते. शोधायला पुठ्ठा वापरा. तसं झालंच, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा. आणि उचललेल्या पात्याखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणीही शिरायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही.

काम वळवाचा एखादा पाऊस पडून गेला, माती वाफशावर आली की काढा. सुकी काळी माती ढेकळं देते, ओली पात्याला चिकटते. पांदण ३ मीटर रुंद असेल, तर मधोमध कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच हवी. पातं तिरकं धरून कडेची माती मध्यावर ओढा, परतीच्या फेरीत दुसऱ्या बाजूची. मुरूम टाकायचा तो हा उतार जमल्यावरच, आणि कडेची नाली त्याआधी मोकळी करून घ्या.

नमस्कार.