एकच सूर्य, दोन नागपूर

(दृश्य: झिरो माइलचा दगडी स्तंभ. भर दुपार, रस्ता ओस.)

26 मे, दुपारचे 12 वाजून 10 मिनिटं. फुटपाथवर उभी ठेवलेली ही पाण्याची बाटली बघा. तिची सावली तिच्याच बुडाखाली गेली आहे. नागपूरचं अक्षांश 21.15, आणि आज सूर्यही विषुववृत्ताच्या तेवढाच उत्तरेला, म्हणजे नेमका डोक्यावर. भारतीय प्रमाणवेळ 82.5 रेखांशावरची, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार आज घड्याळातल्या बारानंतर दहा मिनिटांनी होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागलाय. पारा 44.

(दृश्य: तोच स्तंभ, पावसात.)

17 जुलैच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे परतताना पुन्हा याच ठिकाणी डोक्यावर येतो. तेव्हा कोणी बाटली ठेवून बघत नाही, कारण आभाळ गच्च असतं. शहर तेच, सूर्याची उंचीही तीच, पण दुपारचं तापमान 31-32. अक्षांशावरून हवामान ठरतं हे शाळेत शिकवतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

नकाशावर नागपूरवरून पूर्व-पश्चिम रेघ ओढा. तिच्यावर सुरत येतं, जरा वर मक्का, आणि पार पॅसिफिक महासागरात होनोलुलू. होनोलुलूचा आजवरचा उच्चांक 35 अंश आहे. नागपूरला 35 म्हणजे होळीच्या आसपासची गोष्ट, तेव्हा तर कूलर अजून माळ्यावरच असतो. सुरतेला मेमध्ये सरासरी 36च्या घरात. मक्का मात्र तांबड्या समुद्रापासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर असूनही चाळिशीच्या वर तापते. म्हणजे समुद्र जवळ असून भागत नाही, वाराही समुद्रावरून यावा लागतो.

समुद्राचं एवढं का? एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात चार-पाच किलो कोरडी माती तापते. शिवाय समुद्राचं पाणी घुसळत राहतं, उष्णता खोल उतरते. मातीत दिवसभराचं ऊन वीतभर-दोन वीत खाली जातं आणि सगळा ताप वरच अडकतो. नागपूरपासून अरबी समुद्र साडेसहाशे किलोमीटरच्या वर, बंगालचा उपसागरही साडेपाचशेच्या पुढे. समुद्रावरची संध्याकाळची झुळूक किनाऱ्यापासून काही दहा किलोमीटर आत येते, पुढे सह्याद्री उभा. उन्हाळ्यात आपल्याकडे येतो तो राजस्थान-माळव्याच्या तापल्या जमिनीवरून निघालेला वायव्येचा कोरडा वारा. हिवाळ्यात हाच कोरडेपणा उलटा फिरतो. ढग नाहीत, हवेत वाफ नाही, म्हणून जमिनीची ऊब रात्रभर आकाशात निघून जाते. 29 डिसेंबर 2018ला नागपूर 3.5 अंशांपर्यंत उतरलं होतं.

(दृश्य: खिडकीतला डेझर्ट कूलर. शेजारी टांगलेले दोन थर्मामीटर.)

हा कोरडेपणा घरबसल्या मोजता येतो. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा आणि कापडाचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत टांगून पंख्याचा वारा द्या, दहा मिनिटं थांबा. मेच्या दुपारी कोरडा पारा 44 आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला पारा 23च्या आसपास येऊन थांबतो. तफावत 21 अंश. चांगला कूलर त्यातला तीन चतुर्थांश भाग वसूल करतो, म्हणजे जाळीतून 28-29ची हवा अंगावर येते.

हाच प्रयोग मुंबईत, 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेत केला, तर ओला पारा 28च्या खाली जात नाही. सहा अंशांत कूलर काय करणार? आणि जुलैच्या नागपुरात, 31 अंश आणि 85 टक्क्यांना, तफावत उरते दोन. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा लावलेला बरा. पंप चालू ठेवला तर फक्त गाद्या दमट होतात.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेएवढी उष्णता हवेतून खेचली जाते. मोठा कूलर तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज पितो. खोलीची समोरची खिडकी बंद ठेवली, तर ती सगळी वाफ आतच कोंडते आणि तासाभरात कूलर निकामी वाटतो. यात कूलरचा दोष नसतो. बोअरचं जड पाणी असेल तर वाळ्यावर पांढरे क्षार धरतात, त्या जागा कोरड्या राहतात आणि तिथून गरम हवाच आत येते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास.

तापमानाच्या आकड्यांबद्दलही थोडं. वेधशाळेचा थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरचे 49 हे डांबराचे असतात, हवेचे नव्हेत. मे 2024 मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले आणि मोबाइलवर तोच आकडा फिरत राहिला. तो संवेदकाचा बिघाड होता. नागपूरचा नोंदलेला उच्चांक 47.9 आहे, 23 मे 2013चा. तेवढा पुरेसा आहे.

उंचीचा हिशेब सोपा. दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. नागपूर 310 मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणून तिथे पाच अंशांचा आराम.

(दृश्य: भंडाऱ्याची धानाची बांधी. मग अकोल्याकडचं कपाशीचं शिवार.)

पावसाचं गणित मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या उलटं आहे. तिकडे ढग अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर, घाट उतरून वाईला येईपर्यंत हजाराच्याही आत. आपला बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. ते ओडिशा, छत्तीसगडमार्गे येतात आणि वाटेत झडत जातात. म्हणून गडचिरोलीला चौदाशेच्या आसपास, नागपूरला अकराशे, अकोल्याला आठशे. पूर्वेला धान, पश्चिमेला कपाशी. उपसागर शांत राहिला की जुलैतही आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवस उघाड.

(दृश्य: काटोलजवळची संत्र्याची बाग. झाडांची पानं मलूल.)

आणि मधल्या पट्ट्यात संत्रा. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, मेमध्ये बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होईपर्यंत झाडाला ताण बसू देतात. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते म्हणून वेळ लागतो. मग जूनच्या पावसाने फूल निघतं आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतं. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यात अवकाळीची एखादी सर पडून गेली की ताण अर्ध्यावर मोडतो. मग झाड फुलाऐवजी नवती, म्हणजे नुसती नवी पालवी, काढतं. बाग हिरवीगार दिसते, आणि त्या बहाराला फळ नसतं.