सहा ते दहा टक्के

शुक्रवार, 12 एप्रिल 2013. सकाळी इन्फोसिसचे वार्षिक निकाल आले. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला, तेव्हा शेअर 21 टक्क्यांनी कोसळला होता. 2,900 च्या वरचा भाव 2,300 च्या खाली.

घोटाळा निघाला होता का? अजिबात नाही. 1981 साली पुण्यात सुरू झालेली ही कंपनी चोख हिशेबासाठीच ओळखली जायची. सरलेल्या वर्षाचा नफा 9,421 कोटी रुपये, आदल्या वर्षाहून 13 टक्के जास्त. सगळं कागदावर, सगळ्यांसमोर.

घात केला तो एका ओळीने. पुढच्या वर्षी डॉलरमधलं उत्पन्न 6 ते 10 टक्के वाढेल, असा कंपनीचा अंदाज होता. बाजाराने जास्त धरलं होतं.

एवढ्याने एवढी पडझड? एक ढोबळ हिशेब मांडून बघू. समजा, एका शेअरमागे पुढच्या वर्षी 100 रुपये हातात येणार आहेत आणि आपल्याला वर्षाला 12 टक्के परतावा हवा आहे. ते 100 रुपये दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढत राहतील असं मानलं, तर 12 वजा 7, म्हणजे 5 टक्क्यांनी 100 ला भागायचं; शेअरची किंमत निघते 2,000 रुपये. 6 टक्के माना, म्हणजे भागायचं 6 टक्क्यांनी, उरतात 1,667. फरक एका टक्क्याचा, पण किमतीचा सहावा हिस्सा गेला!

आणि हा टक्का कुठल्याच ताळेबंदात छापलेला नसतो. ताळेबंद 31 मार्चला थांबतो, भाव मात्र त्यापुढच्या सगळ्या वर्षांचा असतो. अमेरिकेतली एखादी बँक पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरवर किती खर्च करेल, रुपया कुठे असेल, हे कितीही प्रामाणिक लेखापाल असला तरी तो कुठून लिहिणार?

आकडे उघड असूनही भाव हलला, की अनेकांना वाटतं, कुणीतरी खेळ करतंय. कधी करतही असेल. पण त्या शुक्रवारी विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातात एकच कागद होता. एकाला त्यात दमलेली कंपनी दिसली, दुसऱ्याला स्वस्तात मिळणारी चांगली कंपनी.

तीन महिन्यांनी, 12 जुलैला, पुढचे तिमाही निकाल आले. दरम्यान नारायण मूर्ती कंपनीत परतले होते. वर्षाच्या वाढीचा अंदाज आता आणखी खाली येणार, अशी बाजाराला धास्ती होती. कंपनीने तो बदललाच नाही. तेच, 6 ते 10 टक्के.

त्या दिवशी शेअर जवळपास 11 टक्के वर गेला.